‘उतरली’ म्हणण्याआधी

“छत्री उघडली,” ती म्हणाली. आणि छत्री उघडलेली नव्हती.

सराव होता म्हणून निभावलं. खरं यान अजून ग्रहापासून लांब, आपल्या वाटेनं चाललं होतं. त्याच्या पोटात सहा चाकांची गाडी अंग आखडून बसलेली. गाडीला कागदोपत्री लांबलचक नाव होतं, पण ते घ्यायला कुणाला सवड नव्हती. सगळे तिला ठकी म्हणत. इकडे नियंत्रण कक्षात ठकी उतरण्याची तालीम चालली होती. पडद्यावरचे आकडे खोटे होते, माणसं तेवढी खरी.

तिचं काम बोलण्याचं. कक्षात प्रत्येकासमोर आपापला पडदा होता आणि प्रत्येकाला आपल्यापुरतंच दिसायचं. सगळ्यांचं मिळून जे एका पडद्यावर यायचं, तो पडदा तिच्यापुढे. ते वाचायचं आणि सगळ्यांच्या कानांत सांगायचं. ती शिकलेली इंजिनियर होती, संदेश विभागात मुरलेली, पण या खुर्चीवर तिला बसवलं ते तिच्या हळू, कधीही न चढणाऱ्या आवाजामुळे. हळूहळू नाव मागे पडलं आणि ‘आवाज’ एवढंच राहिलं. “आवाज जेवायला आल्या का?” असं कुणी विचारलं की नवी माणसं दचकायची.

आवाजाचा शब्द नुसता ऐकून सोडायचा नसे. तो पडला की दूर माळावरच्या अवाढव्य अँटेना (त्यांना सगळे ‘कान’ म्हणत) आपली ऐकण्याची पट्टी, म्हणजे फ्रिक्वेन्सी, बदलायच्या. छत्री उघडेपर्यंत यान एका पट्टीवर बोलणार, उघडल्यावर दुसऱ्या, जमिनीवर टेकल्यावर तिसऱ्या. शब्द आधी पडला तर कान भलतीकडे वळणार आणि यान शेवटचं काय बोललं ते कुणालाच ऐकू येणार नाही.

त्या दिवशी तेच झालं. तिचा शब्द पडला, कान वळले, आणि मागच्या रांगेत छत्रीकाका टाळी वाजवत उभे राहिले. यानाची ती प्रचंड छत्री त्यांच्या हाताखाली शिवली गेली होती. मागच्या मोहिमेत त्यांची छत्री हवेत फाटली होती आणि तेव्हापासून काका कुणाच्या लग्नाकार्यालासुद्धा गेले नव्हते असं लोक म्हणत. दोन्ही हात तसेच हवेत धरून ते पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर वेग जसाच्या तसा होता. मग पडदा काळा झाला.

“आवाज,” काचेपलीकडच्या खोलीतून विघ्नबाई बोलल्या. तालमीत मुद्दाम संकटं पेरायची हीच त्यांची नोकरी, म्हणून ते नाव. “वेग किती दिसत होता?”

“होता तेवढाच.”

“मग छत्री उघडली कुठे? तुमच्या तोंडात?”

एरवी विघ्नबाईंच्या टोमण्यावर चारदोन जण तरी हसत. आज कुणी हसलं नाही. छत्रीकाका हळूच खाली बसले आणि चष्मा पुसत राहिले, पुसतच राहिले.

तिला स्वतःलाच कळेना. डोळे पडद्यावर होते, झोप नव्हती, कुणी बोलावलं नव्हतं. पण पायऱ्या इतक्या वेळा म्हणून झाल्या होत्या, की ‘कवच तापलं’च्या मागोमाग ‘छत्री उघडली’ आपसूक आलं. जीभ पुढे निघून गेली, डोळे मागे राहिले.

*

घरी सासूबाई वाट बघत होत्या. त्यांची नजर आता अधू झाली होती. रोज पहाटे दोघी मिळून पाठ म्हणत. पुस्तक सुनेच्या हातात, सासूबाईंचं सगळं तोंडपाठ. हा नेम लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनचा. आजारपणात, पाहुण्यांत, भांडणातसुद्धा तो मोडला नव्हता. भांडण असलं की दोघी दोन दिशांना तोंडं करून म्हणत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पाठ म्हणताना तिनं मुद्दाम स्वतःवर लक्ष ठेवलं आणि तिच्या अंगावर काटा आला. ओठ हलत होते, सूर बरोबर होता, पानही वेळेवर उलटत होतं. आणि मन? मन केव्हाच दूध घ्यायचं राहिलं, नळ गळतोय, छत्रीकाकांचे ते हात, असं भटकून आलेलं. एक अख्खं पान तिनं न बघता म्हटलं होतं.

तिनं पुस्तक मिटलं.

“काय गं, मध्येच?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, मी वाचतच नाहीये. नुसती बडबडतेय. कधीपासून असं चाललंय कुणास ठाऊक.”

“मला वाटलं, काय झालं! अगं, माझंही निम्मं तसंच जातं. देव काय, जुनी ओळख म्हणून चालवून घेतो.”

“यान नाही हो चालवून घेत.” आणि मग तिनं सगळं सांगितलं. छत्री, कान, काका, सगळं. सांगतानाही आवाज चढला नाही. तो रडतानाही चढत नसे.

सासूबाईंनी मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवला. मग म्हणाल्या, “माझी आई आम्हाला पाठ उलटा म्हणायला लावायची. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची. आम्ही घोकून घोकून पळायला लागलो की ती असं करायची. उलटं म्हणताना जीभ पळत नाही बघ. प्रत्येक ओळीपाशी थांबून बघावं लागतं, हिच्या आधी कोण?”

“देवाला चालेल?”

“त्याला काय, सुलटं ऐकून ऐकून कंटाळलाच असेल तो.”

त्या सकाळी त्यांनी पाठ शेवटाकडून सुरू केला. फार वेळ लागला, ऑफिसची गाडी चुकली. पण कितीतरी वर्षांनी तिला ओळींचे अर्थ लागले. त्यातली एक ओळ तर आपण आजवर चुकीची म्हणत आलो, हेही कळलं. सासूबाईंना ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, “पुस्तकातच चुकलं असेल.”

*

ऑफिसात ती तडक विघ्नबाईंकडे गेली. “जेवणाच्या सुट्टीत मला वेड्यावाकड्या तालमी द्याल? पायऱ्या मागेपुढे करून. कुठलीही कुठेही.”

विघ्नबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “असं आपणहून कुणी मागायला येत नाही हो माझ्याकडे.”

मग रोज चालू झालं. विघ्नबाई डबा खाता खाता एका हातानं कळा दाबायच्या. कधी यान टेकायचं आणि मग छत्री उघडायची, कधी इंजिनं आकाशातच बंद पडायची, कधी काहीच व्हायचं नाही. नुसता आकडा आकड्याजागी. दिसेल तेच म्हणायचं, मनाला पटो न पटो. जिभेची धाव थांबली.

पण झालं भलतंच. ती आता दिसलेलंही म्हणेना. आकडा बदलला तरी पुन्हा बघ, शेजारचा बघ, पुन्हा तो बघ. मोठ्या तालमीत छत्री व्यवस्थित उघडली आणि ती गप्प. कान पट्टी बदलायला उशीर करून बसले, मधला सगळा संदेश वाऱ्यावर गेला.

“आधी घाईची बाधा होती, आता मुकी बाधा,” विघ्नबाई म्हणाल्या. त्यांनाही हसू आलं नाही.

संध्याकाळी प्रमुखांनी बोलावलं. प्रमुख सज्जन माणूस होता. वाईट सांगायचं असलं की आधी खुर्ची द्यायचा. त्यांनी खुर्ची पुढे केली तेव्हाच ती समजली.

“बदलीला तुमच्या शेजारी बसवतोय,” ते म्हणाले. ‘बदली’ म्हणजे आवाज आजारी पडला तर बोलायला ठेवलेला माणूस. धारदार गळ्याचा, हजरजबाबी. “माईक तुमचाच. पण तुम्ही पुढे पळालात किंवा अडखळलात, तर मी खूण करीन आणि तो बोलेल. वाईट वाटून घेऊ नका.”

“नाही,” ती म्हणाली. “माझ्या जागी तुम्ही असता तर मीही हेच केलं असतं.”

बाहेर पडताना जिन्यात छत्रीकाका भेटले. त्या पहिल्या चुकीपासून ते तिच्याशी बोलले नव्हते. तिनं वाट दिली, ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

“एक सांगू?” ते पाठमोरेच म्हणाले. “ठकी उतरेल त्या दिवशी मला पडदा बघायचं धाडस होणार नाही. मी तुमच्याकडे बघणार. तुम्ही म्हणाल ते माझं. फाटली असेल तर फाटली म्हणा. उगाच गोड बोलू नका.”

“नाही बोलणार, काका.”

“आणि उघडली, तर... तर लवकर म्हणा हो.”

दोन्ही एकदम कसं जमायचं, या विचारात ती जिन्यात बराच वेळ उभी राहिली.

*

उतरण्याच्या दिवशी तिनं पाठ सुलटाच म्हटला. निघताना सासूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि “जे असेल ते सांगून ये” एवढंच म्हणाल्या.

दुपारचं लख्ख ऊन होतं, पण कक्षाला खिडक्याच नव्हत्या. माणसं सकाळपासून कुजबुजत होती. एकानं चहा सांडला, तो पुसायला तिघं धावले, कारण काहीतरी करायला मिळालं. बदली शेजारी बसून खडीसाखर चघळत होता. “गळ्यासाठी,” तो म्हणाला. “घ्या.” तिनं मान हलवली. तोंडात काही नको होतं.

त्या ग्रहावरून इथवर यायला प्रकाशालाही पाव तास लागतो. म्हणजे पडद्यावर ठकी हवेत शिरेल, तेव्हा तिकडे तिचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असणार. काही करण्याची, सावरण्याची सोयच नाही. उरलं ते एवढंच, की झालेलं खरं खरं ऐकायचं.

“यान हवेत शिरलं,” ती म्हणाली.

खुर्च्या पुढे सरकल्या.

“कवच तापतंय... तापमान अपेक्षेप्रमाणे... संदेश थांबला.” तो थांबणारच होता, धगीतून आवाज येत नाही. तरी कुणीतरी मागे “अगं आई गं” म्हटलंच.

“संदेश परत आला. वेग कमी होतोय, हवेच्या अडथळ्यानं.”

आता छत्री. तिला न बघताही जाणवलं की छत्रीकाका मागच्या रांगेतून पुढे आलेत. ते पडद्याला पाठ करून उभे होते, अगदी तिच्यासमोर, आणि तिच्या ओठांकडे बघत होते. तिनं ओठ घट्ट मिटले. नुसते विलग झाले असते, तरी या माणसानं त्याचा अर्थ लावला असता.

ठरलेली वेळ आली. पडद्यावर काही नाही.

जीभ टाळूला चिकटून धडपडत होती, दाव्याला बांधलेल्या वासरासारखी. ‘छत्री उघडली’ हे दोन शब्द तयार होऊन दाताशी येऊन उभे होते. पण वेग तोच होता. डाव्या बाजूला प्रमुखांचा हात उचलला जाताना तिला दिसला. ती अडखळली असं त्यांना वाटत होतं. बदलीनं खडीसाखर गिळली आणि आपला माईक ओढला.

गप्प राहणं म्हणजेही काहीतरी सांगणंच आहे, हे तिला त्या क्षणी उमगलं. गप्प राहिलं की प्रत्येक जण आपापल्या भीतीप्रमाणे अर्थ लावणार. दिसत नाहीये, तर दिसत नाहीये म्हणायचं. त्यात कसली आली अडचण?

“छत्रीची खबर नाही,” ती म्हणाली, नेहमीच्याच सुरात. “वेग अजून तोच आहे.”

प्रमुखांचा हात अर्ध्यावर थांबला. काकांचा चेहरा पांढरा पडला, पण ते हलले नाहीत.

“छत्रीची खबर नाही. वेग तोच.”

कुणीतरी हुंदका गिळला.

“वेग कमी झाला. झटका नोंदला गेला. वेग झपाट्यानं उतरतोय. छत्री उघडली.”

कान वळले. कक्षात आरडाओरडा झाला नाही, फक्त सगळ्यांनी एकदम सोडलेला श्वास ऐकू आला. काकांनी दोन्ही हातांनी तिच्या टेबलाची कड धरली. खुर्ची नसतानाच ते खाली बसू लागले. “धरलंय मी,” बदली म्हणाला आणि त्यानं त्यांना आपली खुर्ची दिली.

यापुढचं भराभर झालं. कवच गळून पडलं. रडारला जमीन दिसली. छत्री सुटली, इंजिनं पेटली. एकेक गोष्ट दिसली तशी ती सांगत गेली. मग एक दिवा लागला.

“एका पायाची जमिनीला टेकल्याची खूण,” ती म्हणाली. यानाला पाय चार होते. “बाकीच्या तिघांची नाही. इंजिनं चालू...”

आणि संदेश गेला. पडदा रिकामा.

एवढ्यात मागची रांग उठलीसुद्धा. ‘टेकल्याची’ एवढंच ऐकून कुणी कुणाला मिठी मारली, कुणी बाहेर पत्रकारांकडे धावायला निघालं. बदलीचा हात सवयीनं माईकच्या कळीवर गेला आणि त्याच्या तोंडून “उत—” निघालं. तिनं त्याच्या माईकवर तळहात ठेवला. रागानं नाही, झोपेत उठून चाललेल्या माणसाला धरावं तसा.

“संदेश नाही,” ती म्हणाली. “एका पायाची खूण मिळाली, त्यानंतर खबर नाही.”

गलका विरला. उभी राहिलेली माणसं तशीच अवघडून उभी राहिली.

प्रमुख जवळ आले, वाकून हलक्या आवाजात म्हणाले, “पाय टेकलाय म्हणजे उतरलीच असणार. उतरली म्हणा. कान जमिनीच्या पट्टीवर घेऊ. ती आता तिथूनच बोलत असेल.”

“असेल,” ती म्हणाली. “पण मला दिसलेलं नाही. एकाच पायावर तिरकी होऊन तोंड दुसरीकडे झालं असेल, तर ती याच पट्टीवर हाका मारत असेल. कान वळले की तेही गेलं.”

“आणि ती तिकडे बोलत असली तर?”

“तर तिकडचं हरवेल.” तिला खोटा धीर देता येईना. “मलाही माहीत नाही हो. मला फक्त एवढंच दिसतंय, की तीन पायांची खूण नाही.”

प्रमुखांनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांच्या हातात खूण होती. एक बोट वर केलं की बदली बोलला असता. त्यांनी बदलीकडे पाहिलं. बदली म्हणाला, “सर, मलाही दिसत नाहीये काही.”

प्रमुखांनी हात खिशात घातले. “बोला तुम्ही,” ते म्हणाले.

“खबर नाही,” ती म्हणाली.

त्यानंतरचा वेळ मोजणाऱ्यांनी मोजला असेल. तिनं मोजला नाही. जरा जरा वेळानं ती “खबर नाही” म्हणायची आणि प्रत्येक वेळी आधी पडदा डावीकडून उजवीकडे पूर्ण वाचायची, रिकामा असला तरी. एकदासुद्धा ते शब्द नुसते तोंडातून आले नाहीत. विघ्नबाई काचेपलीकडून येऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातांची घट्ट घडी घालून. आजचं विघ्न त्यांचं नव्हतं आणि त्यांना त्याचाच त्रास होत होता.

मनातल्या मनात ती देवाला काय म्हणत होती? काही मागत नव्हती. जे झालंय ते होऊन गेलंय, आता मागून काय बदलणार? फक्त माझ्या तोंडून खोटं जाऊ देऊ नकोस, एवढंच.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा थरथरला.

“क्षीण संदेश,” ती म्हणाली. “याच पट्टीवर.”

कुणी हललं नाही.

“इंजिनं बंद... दुसऱ्या पायाची खूण. तिसऱ्या पायाची. कल बराच आहे... कल कमी होतोय. चौथ्या पायाची खूण. कल स्थिर.”

बस. याहून जास्त पडद्यावर काही येणार नव्हतं. ‘उतरली’ हा शब्द कुठल्याच पडद्यावर उमटत नाही, त्याचा दिवा नसतो. तो कुणीतरी म्हणायचा असतो. तिनं इंजिनं बघितली. चारही पाय एकेक करून बघितले. कल बघितला, परत बघितला, आणि आकडा जागचा हलला नाही.

“उतरली,” ती म्हणाली.

मग जे झालं त्यात कागद उडाले, खुर्च्या उलटल्या. प्रमुख लहान मुलासारखे रडले आणि विघ्नबाईंनी बदलीच्या पाठीत गुद्दा घातला. ती जागेवरच बसून होती.

खांद्यावर कुणीतरी बोट टेकवलं. छत्रीकाका. डोळे वाहत होते, चष्मा हातात.

“काय म्हणालात तुम्ही?” ते तिच्या कानाशी वाकले. “सगळे एकदम ओरडले हो. मला ऐकूच आलं नाही. परत एकदा म्हणा ना.”

तिनं तोंड उघडलं. मग मिटलं. पडद्याकडे वळली आणि इंजिनं, चारही पाय, कल, सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून बघू लागली. काका शेजारी थांबून राहिले.